अक्षर उठून दिसतंय का? वेबवरच्या रंगांमागचं गणित

माझे काका ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेल्या उन्हाळ्यात ते ओसरीवर बसून मोबाइलवर एक अर्ज भरत होते. 'अर्ज अपूर्ण आहे' असा निरोप पाचव्यांदा आला, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बघ रे जरा, काय राहिलंय? मी तर सगळं भरलंय."

एक अख्खी चौकट रिकामी राहिली होती. चौकटीची रेघ फिकट करडी, आत 'आयएफएससी कोड' अशी सूचना तशाच करड्या अक्षरांत आणि मागे पांढरं पान. मी सावलीत उभा होतो म्हणून मला ती दिसली. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, वर दुपारचं ऊन स्क्रीनवर पडलेलं. त्यांच्या दृष्टीनं तिथे चौकट नव्हतीच. 'मला आता हे जमत नाही' असं ते पुटपुटले, ते मला फार लागलं. कारण वेबसाइट बनवणं हेच माझं काम आहे, आणि चूक काकांची नाही हे मला दिसत होतं.

रात्री लॅपटॉपवर तेच पान उघडून रंग तपासले. सूचनेच्या अक्षरांचा रंग #बीबीबीबीबीबी, रेघेचा #डीडीडीडीडीडी. पांढऱ्या पानाशी त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर, अनुक्रमे १.९२ आणि १.३६. अक्षरांसाठी किमान ४.५ आणि चौकटीच्या रेघेसाठी किमान ३ हवा. हे आकडे येतात कुठून आणि ते काढताना भले भले डेव्हलपर कुठे चुकतात, ते नीट सांगावं म्हणून हा लेख.

वेबवर रंग लिहायची रूढ पद्धत म्हणजे हेक्स कोड. #एफएफ९९३३ हा केशरी घेऊ. यात दोन-दोन चिन्हांच्या तीन जोड्या आहेत: पहिली लाल प्रकाशाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. मोजणी मात्र दहाच्या नाही, सोळाच्या पटीत. आपल्याकडे १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया होता. तो हिशेब घरच्या मोठ्यांकडून ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे लगेच कळेल. जोडीतलं पहिलं चिन्ह म्हणजे रुपये, दुसरं म्हणजे आणे. ९९ म्हणजे नऊ रुपये नऊ आणे. सगळ्याचे आणे करा: सोळा नव्वे एकशे चव्वेचाळीस आणि वरचे नऊ, झाले १५३. तसेच ३३ चे ५१. नऊनंतर अंक संपतात, म्हणून दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं घेतात. एफएफ म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, म्हणजे २५५. याच्या वर जाता येत नाही. तेव्हा आपला केशरी म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१.

इथवर नुसती नाणी मोडून झाली. खरी मेख पुढे आहे.

१२८ म्हणजे २५५ च्या निम्मे. मग तिन्ही घरांत १२८ असलेला करडा रंग पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश देतो का? नाही. तो जेमतेम २१.६ टक्के देतो. निम्मा प्रकाश मिळतो तो १८८ च्या आसपास. काकांच्या अर्जातला बीबी म्हणजे १८७. म्हणजे ती अक्षरं पांढऱ्या कागदाच्या जवळजवळ निम्म्या प्रकाशानं उजळलेली होती, आणि आपण त्यांना 'अक्षरं' म्हणत होतो.

आकडा आणि प्रकाश असे फटकून का वागतात? पणतीचा अनुभव आठवा. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर खोली बदलून जाते. भर दुपारी अंगणात तीच पणती लावली तर कुणाचं लक्षही जात नाही. उजेड तेवढाच, पण डोळ्याला अंधारातला फरक मोठा वाटतो आणि उजेडातला लहान. आता हाताशी फक्त २५६ पायऱ्या असतील, तर त्यांतल्या जास्त पायऱ्या गडद छटांना देणं शहाणपणाचं. जुन्या पिक्चर ट्यूबसुद्धा याच धर्तीवर चालायच्या: विजेचा दाब दुप्पट केला की प्रकाश दुप्पट न होता कितीतरी पटींनी वाढायचा. या वळणाला गामा म्हणतात. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एसआरजीबी नावाची रंगपद्धत मांडली, १९९९ मध्ये आयईसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचं रूप दिलं, आणि आजही वेबवरचा साधा हेक्स कोड याच पद्धतीनं वाचला जातो.

म्हणून दोन रंगांची तुलना करण्याआधी आकडे सरळ करून घ्यावे लागतात, म्हणजे गामाचं वळण काढून खऱ्या प्रकाशाचं माप काढावं लागतं. आधी प्रत्येक आकड्याला २५५ ने भागा. केशरीचे अंश येतील १, ०.६ आणि ०.२. आता प्रत्येक अंशात ०.०५५ मिळवा, १.०५५ ने भागा आणि उत्तराचा २.४ वा घात घ्या. १ चा १ च राहतो. ०.६ चा होतो ०.३१८५. ०.२ चा होतो अवघा ०.०३३१. (अगदी गडद आकड्यांसाठी, म्हणजे २५५ पैकी १० पर्यंत, घात न घेता अंशाला नुसतं १२.९२ ने भागतात. ही सीमा काही ठिकाणी ०.०३९२८ तर काही ठिकाणी ०.०४०४५ लिहिलेली सापडते आणि त्यावरून वादही होतात. पण दोन्ही सीमा १० आणि ११ यांच्या मध्येच पडतात. त्यामुळे हेक्स कोडच्या रंगांना काडीचाही फरक पडत नाही.)

यानंतर तिघांची बेरीज, पण सरळ बेरीज नाही. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, निळ्याला सगळ्यात कमी. म्हणून लालला ०.२१२६ चं वजन, हिरव्याला ०.७१५२ चं, निळ्याला ०.०७२२ चं. तिन्ही वजनांची बेरीज बरोबर १. केशरीसाठी ०.२१२६ अधिक ०.२२७८ अधिक ०.००२४, म्हणजे ०.४४२८. याला म्हणायचं सापेक्ष तेजस्विता: काळ्याची ०, पांढऱ्याची १, बाकी सगळे रंग यांच्या मध्ये.

शेवटची पायरी सोपी आहे. दोन रंगांपैकी जो उजळ त्याच्या तेजस्वितेत ०.०५ मिळवा, जो गडद त्याच्यातही ०.०५ मिळवा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागा. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर १.०५ भागिले ०.४९२८, उत्तर २.१३. साध्या मजकुराची ४.५ ची अट सोडा, मोठ्या मथळ्यासाठी लागणारा ३ सुद्धा गाठला जात नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं घ्या: ०.४९२८ भागिले ०.०५, उत्तर ९.८६. आपल्याकडे उत्सवांच्या, मंडळांच्या, संस्थांच्या पानांवर केशरी पट्टी आणि तिच्यात पांढरी अक्षरं ही जोडी फार आवडीची आहे. जिद्दीनं पांढरं अक्षरच ठेवायचं म्हटलं तर मागचा रंग #बी३४७०० इतका खाली आणावा लागतो. तेव्हा कॉन्ट्रास्ट ५.५ होतो, पण तो केशरी राहत नाही, विटकरी होतो. माझं स्पष्ट मत आहे की केशरी केशरीच ठेवावा आणि अक्षर गडद करावं. रंगाचा मानही राहतो आणि वाचणाऱ्याचाही.

त्या ०.०५ बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण काकांच्या ओसरीचं उत्तर तिथे आहे. स्क्रीन पूर्ण काळी असली तरी आजूबाजूचा थोडा उजेड तिच्यावरून उलटून डोळ्यांत येतोच. ती भर म्हणजे हे ०.०५. म्हणूनच काळ्या-पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट अनंत न येता १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१ येतो आणि त्याहून मोठा आकडा या पद्धतीत नाही. पण ही भर घरातल्या किंवा कचेरीतल्या उजेडाला धरून आहे. समजा उन्हात ती दहापट, ०.५ झाली. मग काळं-पांढरं २१ वरून थेट ३ वर येतं. नियमात जेमतेम बसणारा #७६७६७६ हा करडा, ज्याचा पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट ४.५४ होता, तो २.२ वर घसरतो. आणि अर्जातला तो फिकट करडा उरतो दीडवर. शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर, बाजारात उभं राहून फोन वाचणारा माणूस हाच आपला नेहमीचा वाचक आहे. नियमाचा आकडा त्याच्यासाठी किमान आहे, भरपूर नाही.

मग ४.५ च का? चांगल्या नजरेसाठी ३ पुरेसा धरावा, असं स्क्रीनच्या जुन्या मानकांत होतं. नजर २०/४० पर्यंत कमी झालेल्या, म्हणजे चांगल्या नजरेला ४० फुटांवरून दिसतं ते २० फुटांवरून दिसणाऱ्या माणसाला सुमारे दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून तिनाचे झाले साडेचार. ८० च्या घरातल्या माणसाची नजर साधारण एवढी असते. त्याहून कमी, २०/८० नजरेसाठी ७. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं डिसेंबर २००८ मध्ये डब्ल्यूसीएजी २.० मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांत ४.५ ची पातळी एए आणि ७ ची पातळी एएए म्हणून आली. मोठ्या अक्षरांना, म्हणजे २४ पिक्सेल किंवा ठळक असतील तर सुमारे १८.६६ पिक्सेलपासून पुढे, एए साठी ३ चालतो. बटणं, चौकटी, चिन्हं यांच्यासाठीचा ३ चा नियम २०१८ च्या २.१ आवृत्तीत आला. हे काही कोड्यात टाकणारं शास्त्र नाही. तरी वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुख्य पानं तपासते, तेव्हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच असतो. २०२४ मध्ये ८१ टक्के पानांवर फिकट मजकूर होता.

माझ्या अनुभवात याचं मोठं कारण बेपर्वाई नसतं. हाताशी असलेलं हत्यारच फसवतं. बहुतेक डिझायनर रंग निवडताना एचएसएल वापरतात: रंगछटा, रंगाचा भडकपणा (सॅच्युरेशन) आणि 'लाइटनेस'. नाव ऐकून वाटतं की लाइटनेस सारखा म्हणजे उजळपणा सारखा. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा घ्या. एचएसएलमध्ये दोघांचाही लाइटनेस ५० टक्के. प्रत्यक्षात पिवळ्याची तेजस्विता ०.९२७८ आणि निळ्याची ०.०७२२, जवळजवळ तेरापट फरक. पांढऱ्यावर निळं अक्षर ८.५९ नं ठसठशीत उठतं, पिवळं १.०७ वर विरून जातं. एचएसएल १९७० च्या दशकातली, त्या काळच्या संगणकांना झटपट करता यावी अशी आकडेमोड आहे. तिच्यात डोळ्याचा विचारच नाही. तिच्या भरवशावर 'सगळ्या बटणांचा लाइटनेस ५० ठेवला, झालं' असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून रांगोळी भरणं.

यावर चांगला उपाय २०२० मध्ये आला. ब्यॉर्न ऑटोसन यांनी ओकेलॅब नावाची रंगपद्धत मांडली. तिचंच गोलाकार रूप, ओकेएलसीएच, २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत थेट सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, लिहिता येतं. यातला उजळपणाचा आकडा डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाच्या खूप जवळ जातो. त्यामुळे एकाच आकड्याचा पिवळा आणि निळा खरोखरच सारखे उजळ दिसतात आणि छटांची शिडी नीट बांधता येते. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हा आकडा म्हणजे वर काढलेली तेजस्विता नव्हे, त्यामुळे कॉन्ट्रास्टची तपासणी वेगळी करावीच लागते. आणि ओकेएलसीएचमध्ये लिहिलेले काही भडक रंग साध्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेर जातात. तेव्हा ब्राउझर ते आत ओढून घेतो आणि तुम्ही मोजलेला रंग एक, दिसलेला दुसरा असं होतं.

आता अशी एक चूक, जी मी स्वतः जाणत्या लोकांच्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा पाहिली आहे: पारदर्शक अक्षरं. 'काळा, ६० टक्के' असं लिहिलं की तपासणीची साधनं कधी काळाच धरतात आणि २१ दाखवतात. वास्तविक आधी मागच्या रंगात मिसळून जो रंग तयार होतो तो काढायचा, मग गणित करायचं. पांढऱ्यावर ६० टक्के काळा म्हणजे १०२ चा करडा, कॉन्ट्रास्ट ५.७४, उत्तम. तोच ६० टक्के काळा आपल्या केशरी पट्टीवर ठेवा. मिसळलेला रंग होतो १०२, ६१, २० असा गडद तपकिरी आणि कॉन्ट्रास्ट येतो ४.४. नापास. सीएसएसची ओळ एकच, पांढऱ्यावर पास आणि केशरीवर नापास. फोटोवर मजकूर असेल तर अक्षरांखालचा सगळ्यात वाईट भाग धरून मोजावं, सरासरीनं नाही.

आकडा वरच्या अंगाला ढकलणं ही दुसरी वाईट सवय. #७७७७७७ हा करडा पांढऱ्यावर ४.४८ देतो, त्याला 'साडेचारच की' म्हणून पास करतात. नियम असं करू देत नाही, ४.४९९ सुद्धा नापासच. एक घर खाली, #७६७६७६ घ्या, ४.५४ मिळतो.

देवनागरीसाठी मी याहून कडक राहतो. हे नियमात नाही, ही माझी समजूत आहे, पण विचारपूर्वक झालेली. आपल्या लिपीत अर्थ बारीक खुणांवर अवलंबून असतो. फिकट रंगात, लहान आकारात सगळ्यात आधी अनुस्वाराचा ठिपका विरतो. मग 'खंत'चं 'खत' होतं, 'रंग'ची 'रग' होते, 'वंश'चा 'वश' होतो. ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांमधला फरक जातो, जोडाक्षराचा खालचा अर्धा भाग गोळा होऊन बसतो. स्क्रीनवर बारीक रेघेच्या कडा मागच्या रंगात मिसळून काढल्या जातात. त्यामुळे कोडमध्ये लिहिलेला रंग त्या ठिपक्यापर्यंत पूर्ण पोचतच नाही. म्हणून मराठी मजकुराला मी ७ च्या खाली जात नाही, आणि बारीक वजनाचा फॉन्ट टाळतो. #३३३३३३ पांढऱ्यावर १२.६३ देतो. एवढा गडद असूनही तो डोळ्यांना बोचत नाही.

कॉन्ट्रास्टच्या आकड्यात रंगछटेला काहीच स्थान नाही, फक्त उजेडाला आहे. वरवर हा दोष वाटतो, पण त्यातच त्याचं बळ आहे. गडद हिरव्या पट्टीवर भडक लाल अक्षरं बघा: हिरवा १२८ आणि लाल २५५. तुम्हाला-मला दोन्ही रंग वेगळे दिसतील, पण कॉन्ट्रास्ट आहे १.२८. लाल-हिरवा भेद ज्यांना नीट कळत नाही त्यांच्यासाठी उजेडाचाच आधार उरतो आणि इथे तोच नाही. याच कारणानं 'लाल चौकटी भरा' एवढंच लिहून भागत नाही. चौकटीशेजारी शब्दांत चूक सांगावी लागते.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. डार्क मोडमध्ये, दोन्ही रंग गडद असताना, तिचा आकडा डोळ्याच्या अनुभवापेक्षा जास्त येतो. यावर एपीसीए नावाची नवी पद्धत सुचवली गेली आहे. ती अक्षराचा आकार, जाडी आणि गडदावर उजळ की उजळावर गडद हेही धरते. तिचा आकडा मी सोबतीला बघतो. पण आजची अधिकृत मोजपट्टी डब्ल्यूसीएजी २ चीच आहे. भारत सरकारच्या वेबसाइटांसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही तत्त्वंही तिच्या २.१ आवृत्तीची एए पातळी मागतात. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. काकांच्या अर्जातली रेघ त्या कलमाच्या कक्षेत येते, असं मी मानतो.

डेव्हलपर मित्रांना एक आकडा मात्र जरूर द्यायचा आहे: ०.१७९. मागच्या रंगाची तेजस्विता याहून जास्त असेल तर काळं अक्षर घ्या, कमी असेल तर पांढरं. बरोबर या बिंदूवर दोन्हींचा कॉन्ट्रास्ट ४.५८ येतो. म्हणजे कुठलाही सपाट रंग घ्या, काळ्या किंवा पांढऱ्यापैकी एक अक्षर त्यावर एए पास होतंच. 'आमच्या ब्रँडच्या रंगावर काहीच बसत नाही' असं मला कुणी सांगितलं की मी त्यांच्यासमोर हा भागाकार करून दाखवतो.

त्या अर्जाची नक्कल मी घरी करून पाहिली. रेघ #७६७६७६ केली, सूचना चौकटीतून बाहेर काढून वरती #३३३३३३ मध्ये लिहिली, बाकी काही बदललं नाही. पुढच्या रविवारी काकांना ती दाखवली, मुद्दाम दुपारी, ओसरीवरच. त्यांनी फोन जरा तिरका धरला, एकेक चौकट बोटानं मोजली आणि चौथीवर थांबून म्हणाले, "हा आयएफएससी कोड पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो ना रे? माझा चष्मा आणि पासबुक आण आतून."